निळी गोळी आणि महागडा डबा

(शरीर निरोगी राहावे, अंगात ताकद यावी म्हणून अनेक लोक टॉनिक, ताकदीच्या गोळ्या किंवा डब्यातील भुकट्या घेतात. त्यांपैकी कोणत्या खरोखर उपयोगी असतात आणि कोणत्यांवर पैसे वाया जातात? हे कसे ठरवावे, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.)

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई हे गाव आहे. मिरचीच्या बाजारासाठी हे गाव प्रसिद्ध आहे. हंगामात आसपासच्या खेड्यांतून हिरवी मिरची येथे विक्रीला येते आणि व्यापारी ती दूरदूरच्या शहरांत पाठवतात. मिरची तोडण्याचे काम कष्टाचे असते. उन्हात तासन्‌तास वाकून मिरची तोडायची, तेव्हा कुठे संध्याकाळी मजुरी हातात पडते.

समजा, या गावात आठवीत शिकणारी एक मुलगी आहे. तिची आई मिरची तोडायला जाते. काही दिवसांपासून मुलगी सारखी दमलेली असते. जिना चढताना तिला धाप लागते. वर्गात तिचे लक्ष लागत नाही. आईला काळजी वाटते. बाजारात एक विक्रेता तिला सांगतो, "बाई, हा ताकदीचा डबा घेऊन जा. महिनाभर दुधातून द्या. मुलगी पळायला लागेल बघा!" डब्याची किंमत सहाशे रुपये. म्हणजे आईची दोन-तीन दिवसांची मजुरी.

आता याच मुलीच्या दप्तरात पाहू. वहीच्या पानात गुंडाळलेल्या चार निळ्या गोळ्या तेथे पडल्या आहेत. त्या शाळेत फुकट मिळाल्या. "या गोळीने मळमळते," असे मैत्रिणी म्हणाल्या, म्हणून तिने एकही गोळी खाल्ली नाही.

आईने डबा घ्यावा का? मुलीने गोळी खावी का? या प्रश्नांचे उत्तर देण्यापूर्वी आपण थोडी माहिती करून घेऊ.

आपल्या शरीराला अन्नातून प्रथिने, लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे असे अनेक घटक मिळतात. एखादा घटक अन्नातून पुरेसा मिळाला नाही, तर तो गोळी, औषध किंवा भुकटीच्या रूपाने वेगळा घेता येतो. अशा पदार्थाला 'पूरक' म्हणतात. पूरक म्हणजे उणीव भरून काढणारे. या शब्दातच त्याचे काम सांगितले आहे. जेथे उणीव आहे, तेथेच पूरकाचा उपयोग होतो. भरलेल्या माठात आणखी पाणी ओतले, तर ते वाहूनच जाणार.

मग उणीव आहे की नाही, हे कसे ओळखायचे? यासंबंधी मुंबईत घडलेली एक खरी हकिकत वाचण्यासारखी आहे.

लुसी विल्स नावाच्या एक इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईला आल्या. त्या काळी मुंबईतील कापड गिरण्यांत हजारो स्त्रिया काम करीत. त्यांच्यातील अनेक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होत असे. त्यांचे चेहरे पांढरे पडत, अंगातील शक्ती जाई आणि काही जणी बाळंतपणात दगावत. परळच्या हाफकिन संस्थेत डॉक्टर विल्स यांनी या आजाराचा शोध सुरू केला. हा आजार जंतूंमुळे होत असावा, अशी एक शंका होती. पण तसे जंतू त्यांना सापडले नाहीत. मग या स्त्रिया रोज काय खातात, याची त्यांनी बारकाईने पाहणी केली. ज्या स्त्रियांचा आहार निकृष्ट होता, त्यांनाच हा आजार अधिक होत होता. गरीब मुस्लिम कुटुंबांतील स्त्रियांना तो सर्वांत जास्त सोसावा लागत होता. त्यांच्या ताटात भाजीपाला, फळे आणि दूध फारच कमी असे.

डॉक्टर विल्स यांनी उंदरांना आणि माकडांना तसाच निकृष्ट आहार देऊन पाहिला. त्यांनाही रक्तक्षय झाला. नंतर यीस्टचा अर्क दिल्यावर सुधारणा दिसली. हा अर्क स्वस्त होता आणि बाजारात सहज मिळत होता. आजारी स्त्रियांना तो दिल्यावर त्यांच्याही रक्तात सुधारणा झाली. हे संशोधन १९३१ साली प्रसिद्ध झाले. यीस्टमधील तो गुणकारी घटक कोणता, हे मात्र त्या वेळी कळले नव्हते. १९४१ साली शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला. लॅटिन भाषेत पानाला 'फोलियम' म्हणतात. त्यावरून त्याला 'फॉलिक ॲसिड' हे नाव मिळाले.

डॉक्टर विल्स यांची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांनी आधी औषध शोधले नाही. आधी उणीव शोधली. कोणाच्या आहारात काय कमी आहे, हे पाहिले. मग उपाय करून पाहिला आणि त्याचा परिणाम तपासला.

मुंबईत सुरू झालेल्या त्या शोधाचे फळ आज त्या मुलीच्या दप्तरात पडले आहे. शाळेतील निळ्या गोळीत दोन घटक असतात : ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. दहा ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलामुलींना आठवड्यातून एक गोळी देण्याचा कार्यक्रम देशात २०१३ साली सुरू झाला. २०१८ साली 'ॲनिमिया मुक्त भारत' या मोहिमेत त्याला आणखी बळ देण्यात आले. ॲनिमिया म्हणजेच रक्तक्षय. आपण घरात त्याला 'खून की कमी' म्हणतो.

लोहाची गरज का असते? आपल्या रक्तात हिमोग्लोबिन नावाचा लाल पदार्थ असतो. फुप्फुसांतील प्राणवायू शरीराच्या प्रत्येक भागात पोहोचवण्याचे काम तो करतो. हिमोग्लोबिन तयार होण्यासाठी लोह लागते. लोह कमी पडले, की हिमोग्लोबिन कमी होते आणि प्राणवायू पुरेसा पोहोचत नाही. त्यामुळे थकवा येतो, धाप लागते, अभ्यासात मन लागत नाही. वाढीच्या वयात लोहाची गरज वाढते. मुलींच्या शरीरातून दर महिन्याला रक्त जाते, म्हणून त्यांना ही उणीव अधिक भासते. २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. त्या पाहणीनुसार भारतातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता. त्याच वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण सुमारे ३१ टक्के होते. म्हणजे ही उणीव एखाद्या घरातील नाही, देशभरातील आहे. म्हणूनच ही गोळी सर्व मुलामुलींना दिली जाते.

गोळी घेण्याचीही एक पद्धत आहे. ती उपाशीपोटी घेऊ नये. जेवणानंतर पाण्याबरोबर घ्यावी, म्हणजे मळमळ कमी होते. गोळीबरोबर चहा किंवा दूध घेऊ नये. त्यामुळे लोह शरीरात नीट शोषले जात नाही. लिंबूपाणी घेतले, तर ते अधिक चांगले शोषले जाते. गोळी घेतल्यावर शौचाचा रंग काळा होतो. त्यात घाबरण्यासारखे काही नसते. रमजानमध्ये रोजा असेल, तर शिक्षकांना सांगून ती संध्याकाळच्या जेवणानंतर घ्यावी. चार आठवड्यांच्या राहिलेल्या गोळ्या मात्र एकदम खाऊ नयेत. या गोळ्या लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नयेत. लहान मुलाने एकाच वेळी बऱ्याच गोळ्या गिळल्या, तर त्याच्या जिवाला धोका होतो.

आठवड्याची ही गोळी रक्तक्षय होऊ नये म्हणून असते. तो आधीच झाला असेल, तर तेवढ्याने भागत नाही. अशा मुलीने सरकारी दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. तिच्या वयात ते १२ ग्रॅमपेक्षा कमी भरले, तर रक्तक्षय आहे असे समजतात. मग रोज किती गोळ्या आणि किती दिवस, हे डॉक्टर ठरवतात. पोटातील जंतांमुळेही रक्त कमी होते. त्यासाठी शाळेत जंतनाशक गोळी मिळते. थॅलेसेमियासारखा रक्ताचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाची गोळी घेऊ नये.

आता त्या डब्याकडे वळू. डब्याच्या पुढच्या बाजूला धावणाऱ्या मुलाचे मोठे चित्र असते. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. ग्राहकाने आधी मागची बाजू वाचावी. समजा, तेथे लिहिले आहे : '१०० ग्रॅममध्ये प्रथिने १० ग्रॅम, साखर ५० ग्रॅम'. डबा ५०० ग्रॅमचा आहे. म्हणजे पूरा डबा संपवला, तरी पोटात ५० ग्रॅम प्रथिने जातील आणि पाव किलो साखर जाईल. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे आठ-नऊ अंड्यांत मिळतील एवढीच प्रथिने त्या डब्यात आहेत. सात रुपयांना एक अंडे धरले, तर त्यांची किंमत साठ रुपयांच्या आसपास होते. आईने मात्र सहाशे रुपये मोजले!

तेवढ्याच पैशांत तूर, मूग, हरभरा, शेंगदाणे, अंडी आणि पालेभाजी यांची बरीच खरेदी होईल. बाजरीत ज्वारी व गव्हापेक्षा लोह जास्त असते. मेथी, शेवग्याची पाने, डाळी यांतूनही लोह मिळते. कलेजी आणि मांस यांतील लोह शरीरात अधिक सहज शोषले जाते. भाकरी, डाळ आणि पालेभाजी यांवर लिंबू पिळले, तर त्या अन्नातील लोह अधिक कामी येते. कारण लिंबात 'क' जीवनसत्त्व असते.

'क' जीवनसत्त्वाचे नाव निघाले, की पिंपळगाव रेणुकाईची मिरची आठवते. हंगेरी देशात सेगेड नावाचे शहर लाल मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. तेथे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञाने मिरचीतून 'क' जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर वेगळे काढले. त्याला १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या हिरव्या मिरचीतही हे जीवनसत्त्व भरपूर असते. वजनाला वजन धरले, तर ते संत्र्याहूनही जास्त असते. पण आपण एका जेवणात मिरची किती खातो? एक किंवा दोन! शिवाय शिजवताना या जीवनसत्त्वाचा काही भाग नाहीसा होतो. म्हणून मिरचीवर अवलंबून राहता येत नाही. पेरू, आवळा आणि लिंबू ही 'क' जीवनसत्त्वाची स्वस्त भांडारे आहेत. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ६५ ते ८० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व लागते. एक मध्यम पेरू खाल्ला, की ही गरज भागते. रोज पेरू किंवा आवळा मिळत असेल, तर 'क' जीवनसत्त्वाच्या गोळीचे काही कारण उरत नाही.

"गोळीने फायदा झाला नाही, तर निदान तोटा तरी होणार नाही," असे काही लोक म्हणतात. हा समज चुकीचा आहे. 'अ' आणि 'ड' ही जीवनसत्त्वे शरीरात साठून राहतात. ती फार झाली, तर अपाय करतात. फिनलंड देशात एक मोठा प्रयोग झाला. गाजराला नारिंगी रंग देणाऱ्या बीटा-कॅरोटीन या घटकाच्या गोळ्या हजारो धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना अनेक वर्षे रोज देण्यात आल्या. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल, अशी आशा होती. १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गोळ्या घेणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी जास्त आढळले! गाजर खाणे आणि गाजरातील एक घटक गोळीतून भरपूर घेणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याचा अर्थ सर्वच पूरके निरुपयोगी आहेत, असा नाही. काही पूरके ठरावीक लोकांना नक्की लागतात. गरोदर स्त्रीला लोह आणि फॉलिक ॲसिड लागते. फॉलिक ॲसिड वेळेवर मिळाले, तर बाळाच्या मणक्याचे व मेंदूचे काही जन्मजात दोष टळतात. बालकांना पाच वर्षांपर्यंत 'अ' जीवनसत्त्वाचे ठरावीक डोस दिले जातात. दूध, अंडी, मांस यांपैकी काहीच न खाणाऱ्यांना 'ब-१२' ची उणीव होऊ शकते. ज्यांच्या अंगाला ऊनच लागत नाही, त्यांना 'ड' जीवनसत्त्व कमी पडू शकते. आयोडीन तर आपण मिठातून रोज घेतो. गलगंड टाळण्यासाठी १९६२ साली भारतात राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून मिठात आयोडीन मिसळण्यावर भर दिला गेला. पुडीवर 'आयोडीनयुक्त' लिहिलेले मीठ घेतले, की हे काम होते.

एखादी गोळी किंवा डबा घेण्यापूर्वी पुढील पाच प्रश्न विचारावेत :

१. माझ्या शरीरात नेमके काय कमी आहे?
२. ते कमी आहे, हे कोणी सांगितले? तपासणाऱ्याने की विकणाऱ्याने?
३. तोच घटक घरच्या अन्नातून मिळेल का?
४. तो किती घ्यायचा आणि किती दिवस?
५. जास्त घेतला तर काय अपाय होईल?

आपल्या उदाहरणातील मुलीसाठी या प्रश्नांची उत्तरे शोधू. थकवा आणि धाप ही रक्तक्षयाची लक्षणे असू शकतात. म्हणून आधी हिमोग्लोबिन तपासायला हवे. तपासणी सरकारी केंद्रात होते. निळ्या गोळीत काय आहे, किती आहे आणि ती केव्हा घ्यायची, हे सर्व ठरलेले आहे. डब्याविषयी मात्र पहिल्याच प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. विक्रेत्याने मुलीला पाहिले नाही, तिचे रक्तही तपासले नाही. तरी त्याने उपाय सांगितला!

लोकांना महाग वस्तू गुणकारी वाटते आणि फुकट मिळालेली वस्तू कमी प्रतीची वाटते. पण शरीराला किंमत कळत नाही. त्याला फक्त उणीव कळते. पैसे खर्च करण्यापूर्वी उणीव शोधावी, ती शक्यतो अन्नातून भरावी आणि अन्न पुरे पडत नसेल तेथे योग्य गोळी योग्य प्रमाणात न चुकता घ्यावी. ही गोष्ट वाचता येणाऱ्या मुलामुलींनी घरातील मोठ्या माणसांनाही समजावून सांगितली पाहिजे.

शब्दार्थ

हंगाम – मोसम, पीक येण्याचा काळ
धाप लागणे – जोरजोरात श्वास चालणे, दम लागणे
भुकटी – पूड, पावडर
उणीव – कमतरता
निकृष्ट – हलक्या दर्जाचा
दगावणे – मरण पावणे
रक्तक्षय – रक्तातील हिमोग्लोबिन कमी होणे
अर्क – रस, सत्त्व
प्राणवायू – ऑक्सिजन
शोषले जाणे – आत घेतले जाणे
अपाय – नुकसान, इजा
गलगंड – गळ्यावर सूज येण्याचा आजार

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पिंपळगाव रेणुकाई हे गाव कशासाठी प्रसिद्ध आहे?
(आ) 'पूरक' म्हणजे काय?
(इ) डॉक्टर लुसी विल्स यांनी मुंबईत कोणत्या संस्थेत संशोधन केले?
(ई) 'फॉलिक ॲसिड' हे नाव कशावरून पडले?

प्र. २. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(लिंबूपाणी, लोह, आयोडीन, चहा)
(अ) हिमोग्लोबिन तयार होण्यासाठी ........ लागते.
(आ) निळ्या गोळीबरोबर ........ घेऊ नये.
(इ) ........ घेतल्याने लोह अधिक चांगले शोषले जाते.
(ई) गलगंड टाळण्यासाठी मिठात ........ मिसळतात.

प्र. ३. कारणे लिहा.
(अ) मुलींना लोहाची उणीव अधिक भासते.
(आ) 'क' जीवनसत्त्वासाठी मिरचीवर अवलंबून राहता येत नाही.
(इ) राहिलेल्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

प्र. ४. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) डॉक्टर विल्स यांनी रक्तक्षयाचे कारण कसे शोधले?
(आ) सहाशे रुपयांचा डबा घेणे आईला परवडणारे का नाही, ते हिशेब करून सांगा.
(इ) फिनलंडमधील प्रयोगातून कोणता धडा मिळतो?

प्र. ५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
स्वस्त, उपयोगी, फायदा, निरोगी, कमी

प्र. ६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
वाया जाणे, लक्ष न लागणे, कामी येणे, भर देणे

उपक्रम : तुमच्या घरातील किंवा दुकानातील एखाद्या ताकदीच्या डब्याचे लेबल वाचा. त्यातील प्रथिने आणि साखर यांचे प्रमाण वहीत लिहा. पाठातील पाच प्रश्न त्या डब्याला लावून पाहा आणि तुमचे मत वर्गात मराठीत सांगा.